साखर आधी, शाळा मागून

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यात शाळांच्या हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढू लागतात. शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांवरून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून माणसं बाहेर पडतात. सोबत भांडीकुंडी, धान्याची पोती, कोयते, शेळ्या-कोंबड्या आणि लेकरं. कुणी सांगली-कोल्हापूरला, कुणी सातारा-सोलापूरकडे, कुणी नगर-पुण्याच्या कारखान्यांवर, तर कुणी थेट कर्नाटकात बेळगाव भागात. गैरहजर मुलाचं नाव पुकारलं की मागे राहिलेली मुलं एका शब्दात उत्तर देतात : ‘कारखान्याला.’

मूल कारखान्याला गेलं आणि शाळा गावातच राहिली. या दोहोंमधलं अंतर बुजवायला मराठीत एक जोडशब्द तयार झाला : साखरशाळा. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी साखर कारखान्याच्या परिसरात, गाळपाच्या हंगामापुरती भरणारी शाळा, हा त्याचा अर्थ. मोल्सवर्थच्या 1831 च्या मराठी-इंग्रजी कोशात तो असणं शक्य नव्हतं, कारण त्यातली साखरही आजची नव्हती आणि शाळाही. काही वर्षं हा शब्द सरकारी कागदांत, वर्तमानपत्रांत आणि कारखान्यांच्या अहवालांत दिसला, मग मागे पडला. पण त्याची उकल केली तर बीडमधल्या शिक्षणाची कहाणी बरीचशी हाती लागते.

सुरुवात ‘शाळा’पासून. हा शब्द संस्कृतमधल्या ‘शाला’वरून आला, पण मूळ शालेचा शिकण्याशी काही संबंध नव्हता. शाला म्हणजे निवारा, घर, छपराखालची जागा. अथर्ववेदात घर उभारताना म्हणायचं एक सूक्त आहे. त्यातल्या शालेला खांब आहेत, वर आडवा वेळू आहे आणि गवताचं शाकारणं आहे. पुढे या छपराखाली काय चालतं हे सांगायला शालेच्या आधी दुसरा शब्द लागू लागला. गाई बांधल्या ती गोशाळा, घोडे बांधले ती अश्वशाळा, रांधलं ती पाकशाळा, वाटसरू उतरले ती धर्मशाळा. नाणी पाडायची टंकशाला मराठीत झिजत झिजत टांकसाळ झाली. पाठ घ्यायची ती पाठशाळा. त्यातला ‘पाठ’ गळाला आणि नुसती शाळा उरली, तेव्हा कुठे मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे फळा, घंटा आणि गुरुजी येऊ लागले.

इंग्रजी ‘स्कूल’ची वाट वेगळी. ग्रीक भाषेत ‘स्खोले’ म्हणजे फुरसत. ज्याच्याकडे मोकळा वेळ आहे त्याने चर्चा करावी, ऐकावं, शिकावं, अशी त्यामागची समजूत. म्हणजे एका भाषेने शिकण्यासाठी छप्पर मागितलं, दुसरीने सवड. ऊसतोडीला जाणाऱ्या मुलाच्या बाबतीत दोन्ही गोष्टींची वानवा असते.

‘साखर’ही दूरचा प्रवास करून आलेली आहे. संस्कृतमध्ये ‘शर्करा’ म्हणजे मुळात खडी, वाळूचे खडे. उसाचा रस आटवून जो खडेदार पदार्थ मिळाला त्याला तेच नाव पडलं. प्राकृतातून मराठीत साखर आली, फारसीत शकर गेली, अरबीत सुक्कर, ग्रीकमध्ये साक्खारोन, आणि अरबीतून युरोपभर पसरत इंग्रजीत शुगर. इतके देश फिरलेल्या या शब्दाला शाळेशी नातं जोडायला मात्र विसाव्या शतकातल्या महाराष्ट्रापर्यंत थांबावं लागलं.

बीडला शिक्षणाच्या शब्दांची उलथापालथ नवीन नाही. 1948 च्या सप्टेंबरपर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. अंबाजोगाईचं सरकारी नाव मोमिनाबाद होतं. शिक्षण खात्याला ‘तालीमात’ म्हणत आणि शाळेला ‘मदरसा’. प्राथमिक ती तहतानिया, माध्यमिक ती वस्तानिया आणि त्यावरची फौकानिया. अरबीत ‘तहत’ म्हणजे खाली, ‘वसत’ म्हणजे मध्ये, ‘फौक’ म्हणजे वर. शिडीच्या पायऱ्या मोजाव्यात तशी ही नावं होती, आणि वरच्या पायऱ्यांवर शिक्षणाचं माध्यम उर्दू होतं. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला प्रत्येक पायरी चढताना भाषेचाही उंबरठा ओलांडावा लागे. मराठी माध्यमातल्या खाजगी शाळा काढणं हे म्हणूनच त्या काळात राजकीय काम ठरलं. स्वामी रामानंद तीर्थ 1930 च्या दशकात अंबाजोगाईला योगेश्वरी शाळेत शिकवायला आले आणि पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व त्यांनी केलं, हा योगायोग नव्हता.

संस्थान गेलं. 1956 मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. तहतानिया-फौकानिया विसरल्या गेल्या. ‘तालीम’ मराठीत राहिली, पण ती पोथी सोडून आखाड्यात गेली. आज बीडमध्ये तालमीत जातो म्हणणारा पोरगा पुस्तक नव्हे, लंगोट घेऊन निघालेला असतो.

मराठी शाळेच्या आत डोकावलं तर तिथला शब्दसंग्रहही असाच नाना घरांतून गोळा झालेला दिसतो. ‘हजेरी’ अरबी हाजिरवरून आली. ‘दप्तर’ फारसीतून आलं आणि त्याचं मूळ ग्रीक शब्दात आहे, ज्याचा अर्थ कमावलेलं कातडं. ‘पट’ म्हणजे मूळचं कापड, मग लिहिण्याचा पट, मग शाळेत दाखल असलेल्या मुलांची यादी. ‘सत्र’ म्हणजे एकेकाळी अनेक दिवस चालणारा यज्ञ, आता शाळेच्या वर्षाचा अर्धा भाग. सगळ्यांत नेमका शब्द आहे ‘इयत्ता’. संस्कृतमध्ये ‘इयत्’ म्हणजे इतकं, आणि इयत्ता म्हणजे इतकेपणा, मोजमाप. पाचवी इयत्ता म्हणजे पाचवीइतकं शिकून झालेलं किंवा होत असलेलं माप. ऊसतोडीला गेलेल्या मुलाच्या दाखल्यावर ही इयत्ता दर वर्षी एकेक घराने पुढे सरकते. प्रत्यक्षातलं माप मात्र अर्ध्या वर्षाचंच भरतं.

याच मुलांच्या तोंडी दुसराही एक शब्दसंग्रह असतो, आणि तो त्यांना शाळेतल्यापेक्षा जास्त पाठ असतो. ‘हंगाम’ फारसी, अर्थ वेळ किंवा काळ. ‘मुकादम’ अरबी, अर्थ पुढे केलेला माणूस. हा मुकादम कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून पैसे घेऊन मजुरांची ‘टोळी’ बांधतो आणि त्यांना आगाऊ रक्कम देतो. ती ‘उचल’. एकदा उचल घेतली की ती फिटेपर्यंत तोड करायची. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. दोन माणसांचं नाव एका हत्याराला देणारा हा हिशेब आहे. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. राहायला बांबू आणि चटयांची ‘कोपी’. उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला म्हणजे ‘वाढं’. ते बैलांना घालायचं आणि उरलं तर विकून रोजचा खर्च भागवायचा. कारखान्यात ऊस टाकण्याच्या जागेला ‘गव्हाण’ म्हणतात. तिथे पहिली मोळी पडली की हंगाम सुरू आणि ‘पट्टा पडला’ की संपला.

हा दुसरा कोश बीडच्या माथी कसा आला याची कारणं जमिनीत आणि पाण्यात आहेत. जिल्ह्यातून बालाघाटाची रांग जाते. उत्तरेला गोदावरीकाठची काळी जमीन आहे, पण डोंगरपट्ट्यात माती उथळ आणि पाऊस बेभरवशाचा. खरिपाचं एक पीक निघालं की पुढे हाताला काम नाही. तिकडे पश्चिम महाराष्ट्रात उलटं घडत होतं. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरला उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना 1950-51 च्या हंगामात सुरू झाला. त्यामागोमाग एकेक कारखाना निघत गेला. कालव्यांच्या पाण्यावर ऊस वाढला आणि तो तोडायला हजारो हात लागू लागले. 1972 च्या दुष्काळाने मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचं उरलंसुरलं बळ मोडलं, आणि तोडीला जाणं ही अनेक गावांची रीत होऊन बसली. आज राज्यातल्या ऊसतोड मजुरांचा सर्वांत मोठा पुरवठादार म्हणून बीडचंच नाव घेतलं जातं. गावंच्या गावं चार-पाच महिने म्हाताऱ्यांच्या भरवशावर सोडून जाणारा दुसरा जिल्हा महाराष्ट्रात सापडणं कठीण.

आता दोन्ही कोश शेजारी ठेवले की अडचण कळते. शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं, दिवाळीला पहिलं सत्र संपतं, एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा होते. कारखान्याचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. म्हणजे हंगाम शाळेचं दुसरं सत्र जवळजवळ अख्खं गिळतो. पावसाळ्यात वाचायला शिकलेलं मूल हिवाळ्यात उसाच्या फडात असतं. पहाटे तीन-चारला आईबाप तोडीला निघतात तेव्हा कोपीतल्या तान्ह्याला सांभाळायला सात-आठ वर्षांची बहीण लागते. दहा-बारा वर्षांचा मुलगा वाढं गोळा करतो, मोळ्या बांधायला हात लावतो, बैलगाडी हाकतो. त्याला कुणी मजुरी देत नाही, कारण हिशेब कोयत्याचा असतो आणि कोयत्यात तो धरलेला नसतो.

साखरशाळेची कल्पना या पेचातून आली, आणि ती सरळ होती. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाकडे न्यायची. काही कारखान्यांनी आणि संस्थांनी तसे प्रयत्न केले. त्यांत औरंगाबादच्या ‘जनार्थ’ संस्थेचं काम मोठं होतं. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत प्रवीण महाजन यांच्या पुढाकाराने या संस्थेने पश्चिम महाराष्ट्रातल्या अनेक कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालवल्या. कोप्यांच्या तळाजवळच बांबू आणि चटयांचे वर्ग उभे राहत. मुलं स्वतःच्या घरासारख्याच छपराखाली बसून शिकत. तान्ह्यांना सांभाळणाऱ्या मुली शाळेत याव्यात म्हणून लहानग्यांसाठी बालवाडीही शेजारीच भरे. हंगाम संपला की शिकल्याची नोंद घेऊन मुलं गावच्या शाळेत परतत आणि तिथे परीक्षेला बसत. अथर्ववेदातल्या वेळू-गवताच्या शालेचं मूळ रूप आधुनिक महाराष्ट्रात असं पुन्हा दिसलं, फक्त कुणी हौस म्हणून ते उभारलं नव्हतं.

हा प्रयोग कुठे चालला आणि कुठे अडला हेही ऊसतोडीच्या भाषेतच सांगावं लागतं. मजुरांच्या वस्तीचे प्रकार असतात. बैलगाडीवाले ते ‘गाडी सेंटर’. त्यांचा तळ कारखान्याजवळ असतो, शेकडो कोप्या एका ठिकाणी, पूर्ण हंगामभर. तिथे शाळा भरवता येते. ट्रक-ट्रॅक्टरवर ऊस भरणारे ते ‘डोकी सेंटर’. मोळी डोक्यावर घेऊन शिडीने ट्रकवर चढायची, म्हणून डोकी. या टोळ्या कारखान्यापासून लांब असतात, दहा-पंधरा कोप्यांच्या लहान गटाने राहतात आणि एक फड संपला की पुढच्या गावाला जातात. त्यांच्या मुलांमागे किती शाळा फिरवायच्या? साखरशाळा मुख्यतः गाडी सेंटरवर रुजली आणि डोकी सेंटरची मुलं तिच्या बाहेर राहिली. कर्नाटकात गेलेल्यांची अडचण आणखी वेगळी होती. तिथल्या गावात शाळा असायची, पण ती कन्नड. बीडच्या आजोबांनी जो भाषेचा उंबरठा फौकानियात पाहिला होता, तो नातवापुढे सीमेपलीकडे उभा राहिला.

साखरशाळा ही एकटी नाही, तिला भावंडं आहेत. मराठीत कष्टकऱ्यांच्या मुलांच्या शाळांना नावं देण्याची एक परंपराच आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी 1855 मध्ये दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, ती रात्रशाळा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा भरवली. मुलांच्या अंगणात जाऊन भरवायच्या ‘अंगणवाडी’ची कल्पना आणि हा शब्दही ताराबाईंचाच. 1975 साली तो सबंध देशाच्या सरकारी योजनेत गेला. वीटभट्टीवरच्या मजुराच्या झोपडीला भोंगा म्हणतात, म्हणून ठाणे जिल्ह्यात ‘विधायक संसद’ने 1990 च्या दशकात भट्ट्यांवर चालवल्या त्या भोंगाशाळा. पुण्याजवळच्या दगडखाणींत ‘संतुलन’ संस्थेची पाषाणशाळा. वाडी-तांड्यावर निघाली ती वस्तीशाळा. विमुक्त-भटक्या आणि आदिवासी मुलांसाठी निवासी ती आश्रमशाळा.

या यादीत एक गोष्ट लक्षात येते. कुरण, भोंगा, पाषाण, वस्ती ही सगळी मुलाच्या आजूबाजूची, हाताला लागणारी नावं आहेत. साखर तशी नाही. ऊसतोड मजूर ऊस तोडतो, साखर कारखाना काढतो. कोपीतल्या मुलाच्या वाट्याला ऊस येतो, पाचट येतं, वाढं येतं. पोत्यात भरलेली साखर गोदामातून बाजारात जाते. मग या शाळेचं नाव ऊसशाळा, फडशाळा किंवा कोयताशाळा का पडलं नाही? ‘साखर कारखाना’ हा तयार शब्द हाताशी होता आणि ‘साखर’ला जोडून नवी नावं पाडायची सवयही होती. साखरसम्राट, साखरपट्टा, साखर आयुक्त हे शब्द त्याच टांकसाळीतले. पण त्यामुळे असं झालं की नावातून मजूर आणि त्याचं मूल दोघंही निसटले. पहिला मान मालाला मिळाला. प्रत्यक्षातही तेच घडत होतं. शाळा कधी उघडणार आणि कधी बंद होणार हे शिक्षण खातं ठरवत नव्हतं, गव्हाणीतली मोळी ठरवत होती.

2009 च्या बालशिक्षण हक्क कायद्याने हे चित्र बदललं. 1 एप्रिल 2010 पासून तो लागू झाला आणि 6 ते 14 वयोगटातल्या प्रत्येक मुलाला मोफत, सक्तीचं शिक्षण हा हक्क ठरला. शाळा म्हणजे काय हेही कायद्याने सांगितलं : मान्यता, पुरेसे वर्ग, पात्र शिक्षक, स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी. चटयांची साखरशाळा या व्याख्येत बसेना. तात्पुरती, कमअस्सल शाळा गरिबांच्याच मुलांना का, हा त्यामागचा आक्षेप रास्त होता. स्थलांतरित कुटुंबातल्या मुलांना दाखल करून घेण्याची जबाबदारी कायद्याने स्थानिक प्राधिकरणावर टाकली. कारखान्याजवळच्या नियमित शाळेतच मुलांनी बसावं, असं धोरण आलं आणि साखरशाळा मावळत गेल्या. वस्तीशाळांचं नशीब वेगळं निघालं. वस्ती जागची हलत नव्हती, त्यामुळे त्या पुढे जिल्हा परिषदेच्या नियमित शाळा होऊ शकल्या. कोप्यांचा तळ एप्रिलमध्ये उठतो, म्हणून तिथल्या शाळेला कायमचं नाव लागलं नाही.

रिकाम्या जागी नवे शब्द आले. मूल गावाहून निघताना त्याची इयत्ता आणि प्रगती लिहून द्यायचं ‘शिक्षण हमी कार्ड’. ते दाखवलं की जाईल तिथल्या शाळेने त्याला त्याच वर्गात बसवावं. शाळेपासून तुटणाऱ्या मुलांना शोधून आणणारा शिक्षक तो ‘बालरक्षक’. आणि बीडपुरता सर्वांत महत्त्वाचा शब्द : ‘हंगामी वसतिगृह’. फारसी हंगामाला संस्कृत वसतिगृह जोडून झालेलं हे नाव साखरशाळेच्या नेमकं उलट काम सांगतं. आईबाप जातील, मूल गावात राहील. शाळा व्यवस्थापन समितीला ठरावीक निधी मिळतो आणि तिने मुलांच्या जेवणाखाण्याची सोय हंगामभर करायची. बऱ्याच गावांत मुलं रात्री आजी-आजोबांपाशीच झोपतात. दुपारी शालेय पोषण आहार, सकाळ-संध्याकाळ वसतिगृहाचं जेवण, असं ते रूप असतं.

या सोयीचा फायदा खरा आहे. मूल त्याच वर्गात, त्याच गुरुजींपुढे, त्याच भाषेत राहतं. पण वसतिगृह दर वर्षी नव्याने मंजूर व्हावं लागतं आणि टोळ्यांचे ट्रक मंजुरीसाठी थांबत नाहीत. वसतिगृह सुरू व्हायला उशीर झाला की आई मुलाला सोबत घेऊन जाते, आणि एकदा गेलेलं मूल हंगाम संपल्याशिवाय परतत नाही. शिवाय घरी आजी नसेल, ती स्वतःच अंथरुणाला खिळलेली असेल, तर रात्रीचा प्रश्न उरतोच. वयात येणाऱ्या मुलीच्या बाबतीत तो सर्वांत टोकदार होतो. तिला मागे ठेवायचीही भीती आणि फडावर न्यायचीही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीडमधल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 43 टक्क्यांहून अधिक जणींचं लग्न अठराव्या वर्षाआधी झालेलं आढळलं. राज्याची सरासरी तेव्हा त्याच्या निम्म्याच्या आसपास होती. लग्न झालं की मुलगी अर्ध्या कोयत्याचा पूर्ण कोयता करते, हा हिशेब त्यामागच्या कारणांपैकी एक आहे.

म्हणून बारमाही छप्पर देणारी ठिकाणं इथे महत्त्वाची ठरली. शिरूर कासार तालुक्यातल्या आर्वीला दीपक आणि कावेरी नागरगोजे यांनी ‘शांतिवन’ उभारलं, ते मुख्यतः ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी. सरकारनेही 2021 मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर केली. पाटोदा तालुक्यातल्या सावरगावचे भगवानबाबा कीर्तनांतून लेकरांना शिकवा म्हणून सांगत असत, त्यांचं नाव या योजनेला आहे. मुलांचं एक आणि मुलींचं एक अशी 41 तालुक्यांत प्रत्येकी 100 क्षमतेची 82 वसतिगृहं, हा तिचा आराखडा. पहिल्या टप्प्यातल्या दहा तालुक्यांपैकी सहा बीड जिल्ह्यातले आहेत. ही वसतिगृहं प्रामुख्याने पुढच्या इयत्तांतल्या मुलांना उपयोगी पडतात. पहिली-दुसरीच्या मुलाला आई सहसा वसतिगृहात सोडत नाही. ती त्याला कडेवर घेऊन ट्रकमध्ये चढते.

शाळा फिरवायची की मूल थांबवायचं, हा पेच इतर देशांनाही पडलेला आहे. मंगोलियात पशुपालकांची मुलं तालुक्याच्या गावी वसतिगृहात राहून शिकतात, आणि लहानग्यांसाठी तंबूतल्या बालवाड्या कुटुंबांमागे फिरतात. म्हणजे वय पाहून दोन्ही उपाय वापरले जातात. अमेरिकेत शेतमजुरांच्या फिरत्या कुटुंबांतल्या मुलांसाठी 1966 पासून स्वतंत्र केंद्रीय कार्यक्रम आहे. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेल्या मुलाच्या शिक्षणाची नोंद त्याच्या पाठोपाठ पोचवणं हे त्यातलं एक मोठं काम. महाराष्ट्रात साखरशाळा मागे पडताना वय पाहून उपाय करणं नेमकं सुटलं. लहान मुलासाठी तळावरची सोय आणि मोठ्यासाठी गावातली, असं दुहेरी धोरण आखता आलं असतं. त्याऐवजी एक शब्द काढून दुसरा बसवला गेला.

मोजणीचंही तसंच आहे. सतत महिनाभर शाळेत न आलेलं मूल महाराष्ट्रात ‘शाळाबाह्य’ धरलं जातं. राज्याने शाळाबाह्य मुलांचं गाजलेलं एकदिवसीय सर्वेक्षण केलं ते 4 जुलै 2015 रोजी. घरोघर जाऊन, बोटाला शाई लावून मुलं मोजली गेली. जुलैत बीडचे ऊसतोड मजूर गावात असतात, पेरणी चालू असते आणि त्यांची मुलं वर्गात बसलेली असतात. डिसेंबरात फडावर असणारं मूल जुलैच्या शाईत नियमित विद्यार्थी ठरतं. खरी संख्या हवी असेल तर मोजणी जानेवारीत, कोप्यांच्या तळांवर जाऊन झाली पाहिजे, आणि बीडमधली हंगामी वसतिगृहं दसऱ्याआधी उघडली पाहिजेत. या दोन गोष्टींना नवा कायदा लागत नाही, वेळापत्रक लागतं.

उरलेलं काम बीडच्या बाहेरचं आहे. सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, नगर किंवा पुणे जिल्ह्यातल्या एखाद्या गावात यंदा ऊसतोडीची टोळी उतरली असेल, तर त्या कोप्यांतल्या मुलांना जवळच्या शाळेत बसण्याचा हक्क आजही आहे. जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शाळा सोडल्याचा दाखला यायचा आहे म्हणूनही नाही, आणि वर्ष अर्धं संपलं म्हणूनही नाही. हे बीडहून आलेल्या आईला बहुधा ठाऊक नसतं. ते तिला आणि शाळेच्या मुख्याध्यापकांना सांगायला गावातला कुणीही शिकलेला माणूस पुरेसा आहे.